हेड वाचलं पाहिजे

हॅनोव्हरच्या श्टोकेन भागात ८ मार्च १९५६ रोजी फोक्सवॅगनच्या नव्या कारखान्यात ट्रान्सपोर्टर गाड्यांचं उत्पादन सुरू झालं. जर्मन माणसं या गाडीला लाडाने ‘बुली’ म्हणतात. आज कंपनी हॅनोव्हरमध्ये जुन्या बुली जतन करते; १९५० सालची ‘सोफी’ त्यांपैकीच एक.

बुलीच्या इंजिनाचं आपल्याशीही जुनं नातं आहे. १९४९ साली हांबुर्गच्या टेम्पो कंपनीने मॅटाडोर काढली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच २५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन आणली आणि हा पुरवठा बंद झाला. पुढे टेम्पो हॅनोव्हरच्याच हानोमागकडे गेली. मॅटाडोर हे नाव मात्र बजाज टेम्पोमुळे आकुर्डीहून महाराष्ट्रात गावोगाव पोहोचलं.

बुलीच्या हवेने थंड होणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात गॅरेजवाल्याचा सगळ्यात जास्त घाम काढणारी जागा म्हणजे एक्झॉस्टचे स्टड. स्टड पोलादाचे, ८ मिलिमीटर जाडीचे, सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पन्नास-साठ वर्षं रोज तापणं, निवणं, थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ, गंज. सायलेन्सर उतरवायला पाना लावला की नट हलत नाही, स्टड मात्र ‘कट्’ करून तुटतो आणि अर्धा तुकडा हेडमध्येच राहतो.

इथे जोर कामाचा नाही, उष्णता कामाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेडचं तापमान दीडशे अंशांनी वाढवलं, तर ८ मिलिमीटरच्या भोकात स्टडभोवती साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी मोकळीक मिळते. वाचताना ही फट नगण्य वाटेल, पण गंजाची पकड सुटायला अनेकदा तेवढी पुरते. स्टडचं टोक थोडं बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगचा धातू अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, पोलादाला पक्का धरतो. शिवाय त्या उष्णतेने स्टड आधी फुगतो, मग निवताना आकसतो आणि गंजाचा थर फुटतो. नंतर पान्याने जरा उलट, जरा सुलट असं हलवत तो बाहेर काढायचा.

तुकडा पृष्ठभागाच्या आत तुटला असेल, तर ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. आणि इथेच बहुतेक हेडं मरतात. तुटलेलं टोक वेडंवाकडं असतं; ड्रिल घसरतं आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे पळतं. म्हणून आधी टोक घासून सपाट करायचं, सेंटर पंचाने नेमका मध्य धरायचा, शक्य असेल तर गाइड बुश लावायचा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करायची. उलट्या आट्याचं ड्रिल मिळालं तर सोन्याहून पिवळं. कधी कधी ते फिरता फिरताच तुकडा घेऊन बाहेर येतं.

तुकडा उलटा फिरवून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरवर माझा फारसा विश्वास नाही. तो कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही पाडत नाही. मग एकच वाट उरते, स्पार्क इरोजनची. सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेंको या दांपत्याने १९४३ साली ही पद्धत विकसित केली. तेलासारख्या द्रवात इलेक्ट्रोड धरून सूक्ष्म ठिणग्यांनी धातू कणाकणाने झिजवायचा. धातू कितीही कडक असो, दाब असा पडतच नाही, त्यामुळे भोवतालचे आटे वाचू शकतात. भोसरी-पिंपरीच्या टूलरूममध्ये साचे करायला ही यंत्रं रोज चालतात. जुन्या गाडीचं एखादं हेड तिथे नेलं, तर तेच यंत्र ते वाचवू शकतं.

आटे गेलेच, तर स्टेनलेस तारेचा हेलिकॉइल बसवता येतो. नीट बसला तर तो मूळ आट्यापेक्षा मजबूत ठरतो. म्हणून अशी दुरुस्ती कमीपणाची मानू नये.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर सायलेन्सर उतरवण्याच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा. तरीही नट हटला नाही, तर पान्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. नट कापून टाका. नट बाजारात मिळतो. साठ वर्षांपूर्वीचं मूळ हेड मिळत नाही.