मैत्रिणी 'काहीच करत नाहीत' तेव्हा

आज नवीन फोन नाही, नवीन अॅप नाही. तुमच्या घरात सातवी-आठवी-नववीतली बहीण, भाची, पुतणी असेल तर आजचा भाग तिच्यासाठी. तुम्ही स्वतःच त्या वयाच्या असाल तर आणखी चांगलं.

गेल्या दिवाळीत नाशिकला मावशीकडे गेले होते. माझी मावसबहीण आठवीत आहे. रात्री सगळे झोपल्यावर ती फोन घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तू इंजिनीअर आहेस ना? एखादा व्हॉट्सअॅप ग्रुप कधी बनवला ते बघता येतं का? म्हणजे, आपण त्यात नसलो तरी?"

मी म्हटलं, नाही बघता येत. पण का गं?

मग हळूहळू बाहेर आलं. पाच जणींचा ग्रुप होता. दिवसाला दोनशे मेसेज यायचे. एक दिवस ते थांबले. तिला कोणी काढलं नाही, ब्लॉक केलं नाही, शिवी तर नाहीच नाही. चौघींनी फक्त दुसरा ग्रुप काढला. तिला कळलं कसं? तर वर्गात चौघी एकाच गोष्टीवर हसायच्या आणि तिला ती गोष्ट माहीतच नसायची. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन गेली की बाकावर दप्तर ठेवलेलं असायचं. "अगं, इथे कोणीतरी बसलंय." असे पाच आठवडे.

मावशीला तिने एकदा सांगून बघितलं होतं. मावशी म्हणाली, "मग दुसऱ्या मैत्रिणी कर. आणि तू काय केलंस ते आठव आधी." मावशी वाईट नाही हो, तिला काळजीच होती. पण त्या प्रश्नानंतर मुलगी परत काही बोलली नाही.

मी दिवसभर बग शोधणारी बाई. आमच्याकडे सगळ्यात अवघड बग कुठला? ज्याचा लॉगमध्ये काहीच एरर येत नाही तो. सगळं हिरवं दिसतं आणि सिस्टीम मात्र बंद पडलेली. इथे तसंच होतं. बाईंना जाऊन सांगायचं काय? "त्या माझ्याशी बोलत नाहीत"? बाई म्हणणार, "मग तू बोल."

यावर एक मस्त प्रयोग आहे आणि तो चक्क एक सॉफ्टवेअर आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याजवळ आली, त्यांनी ती परत फेकली, मग काही वेळ तिघांचा खेळ रंगला. आणि अचानक त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. अनोळखी माणसं, दोन मिनिटांची ओळख, तरी त्यांना ते लागलं. त्यातून पुढे 'सायबरबॉल' नावाचा खेळ तयार झाला. स्क्रीनवर तीन खेळाडू, त्यातले एक तुम्ही. सुरुवातीला एक-दोनदा बॉल येतो, मग बाकीचे दोघं आपसातच फेकत राहतात. कोडच्या दृष्टीने बघाल तर यात काही नाही, बॉल कोणाला द्यायचा त्या यादीतून तुमचं नाव काढलं की झालं. पण खेळानंतर विचारलं तर माणसं सांगतात की आपण कोणाचेच नाही असं वाटलं, आपली किंमत कमी झाल्यासारखी वाटली.

२००४ साली याच गटाने आणखी एक गोष्ट तपासली. काही जणांना आधीच सांगून टाकलं की समोर माणसं नाहीत, कम्प्युटर खेळतोय. तरीही लागलं! आता विचार करा, अनोळखी कम्प्युटरने पाच मिनिटं बॉल दिला नाही तर मोठ्या माणसांचं हे होतं. मग पहिलीपासूनच्या मैत्रिणींनी पाच आठवडे दिला नाही तर तेरा वर्षांच्या मुलीचं काय होत असेल? तिला "इग्नोर कर" म्हणणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला "चालू लाग" म्हणण्यासारखं आहे.

आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: वाळीत टाकणं. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, आणि जो बोलेल त्यालाही बाहेर काढायचं. असल्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६चा स्वतंत्र कायदा केलाय. आठवीच्या मुलींवर केस टाका असं मी म्हणत नाहीये. पण मोठ्यांनी केलं की गुन्हा, आणि लहानांनी केलं की "मुलींचं असंच असतं", हे मला पटत नाही.

आणि ते "मुलींचं असंच असतं" हेही तितकं खरं नाही. १९९५ साली निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी तिसरी ते सहावीच्या मुलांचा अभ्यास केला. मारामारी सोडून नात्यालाच हत्यार बनवणं, म्हणजे अफवा पसरवणं, गटाबाहेर काढणं, "तिच्याशी बोललीस तर माझी मैत्रीण नाहीस" असं धमकावणं, हे त्यांना मुलींमध्ये जास्त दिसलं. पण नंतर, २००८ मध्ये, अशा शंभरहून जास्त अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले तेव्हा मुलगे-मुलींमधला हा फरक जवळजवळ नगण्य निघाला. मुलगेही करतात, आपण त्याला फक्त राजकारण म्हणत नाही.

मग साधं भांडण आणि छळ यात फरक काय? नॉर्वेचे डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्यात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोन्हीकडची ताकद सारखी नसलेली. कट्टी ही दोघींची असते आणि दोन दिवसांत बट्टी होते. चौघींनी एकीशी केलेली कट्टी ही कट्टी नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. मी हे इतकं तावातावाने सांगतेय, पण आमच्या आठवीत मी त्या चौघींपैकी एक होते. मी काही बोलायचे नाही, मी फक्त दप्तर ठेवायचे. पुढारी मुलीने डोळ्यांनी खूण केली की दप्तर सरकवायचं, बस. उद्या आपली पाळी येऊ नये एवढीच भीती. बहिणीने बाकावरचं दप्तर सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. परत आल्यावर मी त्या वर्गमैत्रिणीला इन्स्टाग्रामवर शोधून माफीचा मेसेज टाकला. तिने वाचला. उत्तर दिलं नाही. तो तिचा हक्क आहे.

म्हणून सांगते, यात सगळ्यात जास्त ताकद दप्तर ठेवणाऱ्यांकडे असते. टोरोंटोच्या शाळांमध्ये मैदानावरच्या मुलांना माइक लावून आणि कॅमेऱ्याने चित्रीकरण करून एक अभ्यास झाला, २००१ साली प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांमध्ये. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! भाषण द्यायची गरज नाही. "ये, इथे बस" पुरतं.

बहिणीच्या बाबतीत आम्ही काय केलं? आधी मी फक्त ऐकलं, आणि "तुझी चूक नाही" हे स्पष्ट सांगितलं. त्या पुढारी मुलीच्या आईला लगेच फोन करायचा मावशीचा बेत मी हाणून पाडला, कारण फोनाफोनीने दुसऱ्या दिवशी वर्गात जास्त त्रास होतो. त्याऐवजी तिने वहीत तारखा आणि प्रसंग लिहिले, चार ओळींत. ते घेऊन मावशी वर्गशिक्षिकेला भेटली आणि एकच मागणी केली: प्रोजेक्टला "आपापले ग्रुप करा" म्हणू नका, ग्रुप तुम्ही पाडा. त्या वाक्याने किती मुलींचा दिवस खराब होतो, देव जाणे. बाईंनी ऐकलं.

आणि त्या चौघींना परत जिंकायचा नाद सोडला. व्हॅनमध्ये तिच्या शेजारी बसणारी दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी होती, तिच्यापासून सुरुवात केली. एक खरी मैत्रीण असली तरी बराच फरक पडतो. खरी कशी ओळखायची? मी तिला म्हटलं, तिला एखाद्या गोष्टीला नाही म्हणून बघ, आणि तिच्यासमोर दुसऱ्या कोणाशी तरी बोलून बघ. शिक्षा होत नसेल तर ठीक आहे.

एक गोष्ट मात्र थांबून बघायची नाही. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेचं नाव काढलं की पोट दुखत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली तर त्याच दिवशी न्या आणि तिला एकटं सोडू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, मुलं स्वतःही लावू शकतात.

बहीण अजून त्याच वर्गात आहे. जुना ग्रुप तिने स्वतःच सोडला, मागच्या महिन्यात. चौघींपैकी एकीने परवा तिला गणिताची वही मागितली. "दिलीस का?" मी विचारलं. म्हणाली, "दिली गं ताई, पण डबा व्हॅनवालीबरोबरच खाल्ला."

चला, भेटू पुढच्या भागात.