फ्रीज भंगारात जातो, गॅस कोठे जातो?

तळहातावर स्पिरिटचे चार थेंब टाका आणि हळूच फुंकर घाला. हात गार पडतो, होय ना? स्पिरिटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते तुमच्या तळहातातून घेते. माठातले पाणी गार होते, तेही याच युक्तीने. तुमच्या घरातला फ्रीजसुद्धा हीच युक्ती वापरतो. फरक एवढाच, की माठातून झिरपलेले पाणी हवेत उडून जाते, तर फ्रीजमधला द्रव पुन्हा पुन्हा कामाला जुंपला जातो.

फ्रीजच्या आतल्या नळ्यांत हा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि आतील उष्णता शोषून घेऊन त्याचा वायू होतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबला गेल्यामुळे तापलेला वायू बाहेरच्या नळ्यांतून फिरतो, आपली उष्णता खोलीतील हवेला देऊन टाकतो आणि पुन्हा द्रव बनतो. या फेऱ्या मारणाऱ्या पदार्थाला प्रशीतक म्हणतात. मेकॅनिक त्याला नुसता 'गॅस' म्हणतात.

एक गोष्ट येथे पक्की ध्यानात ठेवा. स्कूटरमधले पेट्रोल संपते, तसा हा गॅस वापरून संपत नाही. नळ्यांचे सांधे झाळून पक्के बंद केलेले असतात. तेव्हा "गॅस संपलाय, भरून घ्या" असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ एवढाच, की नळीला कोठेतरी गळती आहे. गळती न बुजवता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच. पण घागरीतले सांडलेले पाणी डोळ्यांना दिसते. हा गॅस दिसत नाही आणि त्याचा वासही सहसा येत नाही. सारी अडचण आहे ती येथेच!

सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड, मेथिल क्लोराइड असे विषारी वायू असत. नळी गळली, तर घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. म्हणून १९२८ साली टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक नवा पदार्थ शोधून काढला. कार्बन, क्लोरीन व फ्लुओरीन यांचे ते संयुग. आज आपण त्याला आर-१२ या नावाने ओळखतो. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी या वायूचा श्वास घेतला आणि तो जळत्या मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच फुंकरीत सिद्ध झाले!

पण ज्या गुणामुळे तो इतका निरुपद्रवी ठरला, तोच गुण पुढे घातक ठरला. हा पदार्थ सहजासहजी कशाशीच संयोग पावत नाही. त्यामुळे हवेत सुटलेला आर-१२ सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि हळूहळू वर स्थितांबरापर्यंत पोहोचतो. तेथे सूर्याचे जंबुपार किरण त्याचे रेणू फोडतात आणि क्लोरीनचे अणू मोकळे होतात. असा एक अणू ओझोनच्या एक लाखापर्यंत रेणूंचा नाश करू शकतो. मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ साली हा धोका दाखवून दिला. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर दर वसंतऋतूत फार विरळ होत असल्याचे जाहीर केले. मग १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑलचा करार झाला आणि पुढे तो जगातील सर्व देशांनी मान्य केला.

आता प्रश्न असा, की करार झाला, कारखाने थांबले, मग काळजी कशाची? माँट्रिऑलचा करार मुख्यतः नवीन उत्पादनाला आणि वापराला आळा घालतो. आधीच यंत्रांत भरलेला गॅस परत गोळा करण्याची सक्ती तो करीत नाही. म्हणजे नळ बंद झाला. पण घरोघरच्या हंड्याकळशा भरलेल्याच राहिल्या. शिवाय आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए सारख्या वायूंत क्लोरीन नसल्याने ओझोनला धोका नसला, तरी ते पृथ्वीभोवतीची उष्णता अडवून धरतात. त्यांचाही वापर घटवत न्यायचा, असे २०१६ साली रवांडातील किगाली येथे ठरले.

ही उष्णता किती, याचे एक गणित करून पाहू. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर १ किलो आर-२२ हा १,८१० किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतकी उष्णता अडवितो. एखाद्या जुन्या वातानुकूल यंत्रात १ किलो आर-२२ असेल आणि ते मोडताना कोणी नळी कापली, तर काही क्षणांत पावणेदोन टनांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडल्यासारखे होते. भंगारात विकायला तांब्याची नळी तेवढी हाती उरते.

हा गॅस काढून घेणे अवघड नाही. त्यासाठी पंपासारखे एक यंत्र असते. ते नळ्यांतला गॅस खेचून सिलिंडरमध्ये भरते. सिलिंडर काठोकाठ भरायचा नसतो, कारण तापल्यावर द्रव फुगतो. म्हणून ८० टक्क्यांवर थांबतात. गोळा केलेल्या गॅसमधील तेल, ओल व आम्ल काढून टाकले, की तो पुन्हा वापरता येतो. मात्र एका सिलिंडरमध्ये दोन जातींचे गॅस मिसळले, तर ते वेगळे करणे फार कठीण जाते. असा गॅस १,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या भट्टीत जाळून नष्ट करावा लागतो. सिमेंटच्या भट्ट्याही या कामी येतात. तेथे तयार होणारी आम्ले चुन्याशी संयोग पावून निष्प्रभ होतात.

युक्ती ठाऊक आहे, यंत्रेही आहेत. मग घोडे अडते कोठे? खर्चापाशी. गॅस काढायला वेळ लागतो. तो वेळ मेकॅनिकला कोणी भरून द्यायचा? मालक म्हणतो, फ्रीज आता माझा नाही. भंगारवाला म्हणतो, मी तांबे घेतो, गॅसशी माझा काय संबंध? कारखानदार म्हणतो, आम्ही तर तो कधीच विकला. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही!

जपानने यावर एक तोड काढली. तेथे २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे जुना फ्रीज टाकताना मालक ठरावीक शुल्क भरतो, दुकानदार तो परत घेतो आणि उत्पादक त्याची विल्हेवाट लावतो. यात एक उणीव आहे. पैसे शेवटी द्यावे लागत असल्याने काही जण शुल्क चुकविण्यासाठी जुनी यंत्रे चोरून रानावनात टाकून देतात. ऑस्ट्रेलियात १९९३ साली सुरू झालेल्या योजनेत पैसे आधीच घेतले जातात. गॅस आयात होतो, तेव्हाच प्रत्येक किलोमागे पट्टी बसते आणि वापरलेला गॅस परत आणणाऱ्याला त्यातून मोबदला मिळतो. त्यामुळे गॅस हवेत सोडणे हे मेकॅनिकच्या दृष्टीने पैसे सोडून देण्यासारखे होते.

आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. फ्रीज व वातानुकूल यंत्रे त्यांत येतात आणि नोंदणीकृत केंद्रांमार्फत त्यांचे पुनर्चक्रीकरण करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण फ्रीज त्या केंद्राऐवजी रस्त्यावरच्या भंगाराच्या गाडीवर चढला, तर नियम काय करणार? म्हणून साखळीतील प्रत्येक हाताला आपले काम उचलावे लागते. मालकाने गळती आधी बुजवून घ्यावी आणि जुना फ्रीज योग्य ठिकाणी द्यावा. मेकॅनिकने गॅस सिलिंडरमध्ये घ्यावा. उत्पादकाने त्याचा खर्च सोसावा, आणि सरकारने हे सारे होते की नाही ते पाहावे. यातला एक हात जरी सुटला, तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक काम. घरातील फ्रीजवर मागे किंवा आत एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर गॅसचे नाव व वजन छापलेले असते. आर-१२ असेल, तर त्या वजनाला १०,९०० ने गुणा. आर-१३४ए असेल, तर १,४३० ने. आर-६००ए असेल, तर फक्त ३ ने. तुमच्या फ्रीजमध्ये किती कार्बन डाय-ऑक्साइडच्या तोडीचा गॅस कोंडलेला आहे, ते कळेल. मात्र नळ्यांना हात लावू नका बरे! आर-६००ए चटकन पेट घेतो आणि द्रवरूप गॅस कातडीवर पडला, तर हिमदंश होतो. उत्तर वहीत लिहा आणि घरातील मोठ्या माणसांना विचारा, "हा फ्रीज जुना झाला, की आपण तो कोणाला देणार?"