पेपर कुठे पाठवायचा?

चाळीसगाव परिसरात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर काम करणारी विद्यार्थिनी पेपर घेऊन आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, केअर लिस्टमधलं एखादं जर्नल सांगा ना." मान्यताप्राप्त जर्नलांची ती यादी आता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल आपणच पारखायचं, आणि मला ते योग्य वाटतं. यादीत नाव आलं म्हणजे दर्जा आला असं नसतं. केअरच्या आधीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नलं भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली, तेव्हा निकषांवर फक्त ११२ उतरली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'ने हे छापलं.

आम्ही सुरुवात पेपरच्या शेवटच्या पानापासून करतो. संदर्भसूचीत पुन्हापुन्हा येणाऱ्या जर्नलांवर पेन्सिलीने खूण करायची. 'इंडियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी'वर खूण पडली की त्याचा ताजा अंक उघडून दोन पेपर पूर्ण वाचायचे. कामगंध सापळ्यांच्या नोंदी त्यांनी कशा मांडल्यात, किती हंगामांच्या घेतल्यात, हे पाहिलं की आपला पेपर तिथे बसतो की नाही ते कळतं.

मग आयएसएसएन. हा आठ अंकी क्रमांक फक्त ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. खऱ्या जर्नलचा क्रमांक उचलून बनावट साइट चालवणारेही आहेत, म्हणून क्रमांक, नाव आणि साइटचा पत्ता जुळतो का, हे बघायचं. संपादक मंडळातल्या दोघातिघांची त्यांच्या संस्थेतली पानं उघडायची.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर मेल येतो: तीन दिवसांत स्वीकृती, सोबत प्रमाणपत्र. अंक उघडावा तर कीटकशास्त्र, बँकिंग आणि संतसाहित्य एकाच अनुक्रमणिकेत. तीन दिवसांत दोन परीक्षक पेपर नीट वाचून देतील, हे होणं नाही.

चांगलं जर्नल काय करतं, याचा दाखला आमच्याच तालुक्यात आहे. पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो शिलालेख १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमधून अभ्यासकांपुढे ठेवला. पुढे १८९२ मध्ये कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'त त्याचं नव्याने संपादन केलं. भाऊ दाजींचा लेख जाणकारांच्या हाती पडला, म्हणूनच काम पुढे सरकलं.

"पण सर, अशा जर्नलमध्ये सहा महिने लागतील."

"लागू दे गं. तुझ्या सापळ्यांच्या नोंदींवरून उद्या कुणी शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला देईल. त्याआधी दुसऱ्या कीटकशास्त्रज्ञाने त्या तपासायलाच हव्यात."