जुनं जाळं ऑनलाइन विकताय? पिन टाकू नका!

मंडळी, जुनी जाळी, डोंगे आता ओएलएक्सवर, फेसबुक-व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही विकायला निघतात. पैनगंगेकाठच्या आपल्या गावातून टाकलेला फोटो पार यवतमाळ-नांदेडला दिसतो. चांगलंच आहे. पण गिऱ्हाईक माल न बघताच तयार झालं, ‘मी फौजी आहे, पैसे पाठवतो’ म्हणत क्यूआर कोड पाठवू लागलं, की सावध! तो स्कॅन करून पिन टाकला, की पैसे येत नाहीत, आपल्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

अदलाबदल असली तर समोरासमोर करा. जाळं पसरून बघा, डोंगा पाण्यात घालून बघा. पैसे आल्याचा नुसता मेसेज धरू नका. खातं तपासा, मगच माल सोडा.

फसलात तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.