गोडादऱ्यातून पदवीकडे

गोडादरा, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. इथल्या मुलांसाठी जवळचे विद्यापीठ वीर नर्मद दक्षिण गुजरात, स्थापना 1965.

उच्च शिक्षणाचा प्रसार 18 ते 23 वयोगटाची लोकसंख्या आणि एकूण प्रवेश यांच्या प्रमाणावरून मोजतात. 2021-22 मध्ये भारताचे प्रमाण 28.4 टक्के होते, महाराष्ट्राचे त्याहून जास्त, गुजरातचे कमी. अमेरिकी अभ्यासक मार्टिन ट्रो यांनी 1973 मध्ये तीन टप्पे मांडले: 15 टक्क्यांपर्यंत मूठभरांचे शिक्षण, 50 पर्यंत बहुजनांचे, त्यापुढे सार्वत्रिक. दक्षिण कोरियाने तिसरा टप्पा केव्हाच गाठला. जर्मनीने मात्र पदवीला समांतर अशी कारखान्यातल्या उमेदवारीची भक्कम वाट जपली. कापड-उद्योगाच्या सुरतेला हा दुसरा धडा मला अधिक जवळचा वाटतो.

टक्केवारीत भाषा दिसत नाही. महापालिकेच्या मराठी शाळेतून निघालेल्या मुलापुढे महाविद्यालयात गुजराती किंवा इंग्रजीच असते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2035 पर्यंत 50 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठायचे तर या मुलांसाठी पहिल्या वर्षी भाषेचे पूरक वर्ग सुरू व्हायलाच हवेत.