सायकलची चेन अडखळते तेव्हा

पायडल मारताना मध्येच पायाला हिसका बसतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि पुन्हा सारे सुरळीत चालू लागते. पावसाळा संपता संपता शाळेच्या आवारातल्या काही सायकलींची तरी ही तक्रार असतेच. चढावर उभे राहून जोर लावत असताना चेन दात्यावरून उडाली, तर पाय एकदम खाली जातो आणि तोल सुटतो. म्हणून ही तक्रार ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

दोष कुठे आहे, याचा अंदाज काहीही न उघडता, नुसता मोजून करता येतो. समजा, पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि चेनला ११२ सांधे आहेत. पायडलच्या एका फेरीत चेन ४८ सांधे पुढे सरकते. दोष चेनच्या एखाद्या सांध्यात असेल, तर तो पायडलच्या दर फेरीला जाणवणार नाही. सात फेऱ्यांत तीन हिसके बसतील. दर फेरीला नेमका एक हिसका बसत असेल तर पुढचे चक्र किंवा पायडलची दांडी तपासावी. एका फेरीत दोन-तीन बसत असतील तर फ्रीव्हील. मुलांनी आपापल्या सायकलचे दाते आणि सांधे मोजून हे गणित मांडावे. ४८ आणि ११२ यांचा लसावि ३३६ येतो, म्हणजेच सात फेऱ्या. लसाविचा पायाला जाणवणारा असा उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो!

आता चेनकडे पाहू. हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टरमध्ये जी रचना सिद्ध केली, तीच आजही सायकलमध्ये असते. बाहेरच्या दोन पट्ट्यांत पिन घट्ट बसवलेली असते. आतल्या दोन पट्ट्यांत बुश, म्हणजे छोटी नळी, घट्ट असते. पिन या बुशमध्ये फिरते आणि बुशवर रोलर फिरतो. आधीच्या चेनमध्ये पिनचा सारा भार पातळ पट्टीच्या काठावर येई. बुशमुळे तो नळीच्या पूर्ण लांबीवर पसरला. म्हणजे चेनचे खरे काम पिन आणि बुश यांच्यामधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत चालते.

पावसाचे पाणी केशाकर्षणाने याच फटीत ओढले जाते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते, त्यामुळे गंज चढताच फट भरते आणि सांधा अडकतो. दुसरे कारण घरातले आहे. हाताशी असलेले खाद्यतेल चेनला लावले जाते. करडईसारखे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट होत जाते. त्यात धूळ मिसळली की सांध्यात खळ भरल्यासारखे होते.

सायकल स्टँडवर उभी करून चेनकव्हर काढा आणि पायडल सावकाश उलटे फिरवा. बोटे चेनपासून दूर ठेवा, मुलांना हे आधी बजावा. चेन फ्रीव्हीलवरून सुटून खालच्या बाजूने पुढे येते, तिथे लक्ष ठेवा. १८ दात्यांवरून जाताना प्रत्येक सांधा २० अंशांत वाकतो. ४८ दात्यांवर केवळ साडेसात अंशांत. म्हणून अडकलेला सांधा मागे लगेच उघडा पडतो: इतर सांधे सरळ होतात, तो वाकडाच राहतो. त्याला खडूने खूण करा.

फिरवणे थांबवून, आतली आणि बाहेरची पट्टी जिथे एकमेकींना लागतात तिथे आधी रॉकेलचा थेंब सोडा आणि सांधा हाताने वर-खाली हलवा. तांबडा-काळा मळ बाहेर येईल. तो पुसून रॉकेल उडून जाऊ द्या, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. चेन नुकतीच तोडून जोडली असेल, तर पिन ठोकताना पट्ट्या एकमेकींवर आवळल्या गेलेल्या असतात. तिथे तेलाने भागत नाही. चेन सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरून आडवी, अगदी हलकीच वाकवावी. शेवटी बाहेरचे तेल फडक्याने पुसून टाका. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते. चेनलॉकची क्लिप काढलीच, तर परत बसवताना तिचे बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेला हवे.

एवढे करूनही चेन उडत असेल तर फूटपट्टी घ्या. दोन शेजारच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ सांधे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. ते सुमारे ३ मि.मी. जास्त भरले, तर लोक म्हणतात ‘चेन ताणली’. पोलाद ताणलेले नसते; २४ सांध्यांत प्रत्येकी ०.१२५ मि.मी. झीज झालेली असते. अशी चेन बदलावीच. मात्र जुन्या चेनबरोबर फ्रीव्हीलचे दातेही झिजून आकड्यासारखे वळलेले असतील, तर त्यांवर नवी चेनही उडतेच. अशा वेळी फ्रीव्हीलही बदलावे लागते.