पाच इंच, चाळीस फूट आणि पन्नास मिलिमीटर

१९९७चा मार्च संपत आला होता. हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसायचा आणि आम्ही दोघं नाशिकचे दिवे पाठीशी टाकून त्र्यंबक रस्त्यावर जाऊन थांबायचो. माझी सहा इंची दुर्बीण, मित्राचा जुना कॅमेरा आणि त्यावरची ५० मिलिमीटरची लेन्स. मला त्याची कीवच यायची. रोल धुऊन आले तेव्हा त्याच्या फोटोत लांब शेपटी होती, माझ्या फोटोत नुसता धुरकट गोळा.

गंमत अशी, की दुर्बीण विकतात व्यासावर आणि लेन्स नाभीय अंतरावर. दुकानात एकाची उंची सांगतात आणि दुसऱ्याचं वजन. माझ्या दुर्बिणीचा व्यास १५० मिलिमीटर, नाभीय अंतर १२००; अंतराला व्यासाने भागलं की आठ, म्हणजे एफ/८. त्याची लेन्स एफ/१.८, म्हणजे व्यास जेमतेम २८ मिलिमीटर. ठिपक्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश माझा आरसा तिच्या जवळजवळ २९ पट गोळा करायचा. पण शेपटी पसरलेली असते. तिथे फिल्मच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती प्रकाश पडतो ते बघायचं, आणि त्यात त्याची लेन्स वीसपट सरस. शिवाय माझ्या चौकटीत पावणेदोन अंशांपलीकडे आकाश मावतच नव्हतं.

हा हिशेब महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आले होते. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवालाही तिथेच होते. कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचं भिंग पाच इंचांचं, नाभीय अंतर ४० फूट, एफ/९६! सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांची, कडेजवळचा बारकावा टिपायला उत्तम. त्याच दिवशी वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांच्याकडे दीड इंच व्यासाची, नऊ इंच नाभीय अंतराची चिमुकली लेन्स होती. एफ/६. सूर्याच्या प्रभाकिरीटातून दूरवर गेलेला किरण त्यांच्या काचेवर उमटला. तोवरच्या छायाचित्रांतला सर्वांत लांब.

नंतर डिजिटल कॅमेरे आले आणि रोल धुऊन येईपर्यंतची हुरहुर गेली. २००९च्या जुलैत खग्रासचा पट्टा सुरतेवरून, म्हणजे आपल्या उत्तरेने गेला. पण ऐन पावसाळ्यात एफ क्रमांक विचारतो कोण? पुढे मी २०० मिलिमीटर, एफ/२.८ची जुनी लेन्स घेतली. तीन अंशांची देवयानी दीर्घिका तिच्या दहा अंशांच्या चौकटीत ऐसपैस बसते. २०२४च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आला, तेव्हा गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी मी तीच लेन्स नेली.

सहा इंची अजून गच्चीवर आहे. शनीची कडी बघायला शेजारची मुलं येतात, तेव्हा तिच्यावरचं कापड निघतं. कॅमेरा मात्र मी तिला लावत नाही.